मदत हवी आहे: डवऱ्याच्या बैलांच्या मुसक्यांसाठी अंबाडी की ताग (म्हणजे सण, ज्यूट नव्हे)?

डवरणीत, म्हणजे ओळींमधलं तण काढताना, बैलांनी पऱ्हाटीला (कपाशीला) तोंड लावू नये म्हणून अंबाडीच्या दोरीची मुसकी, म्हणजे तोंडाला बांधायच्या जाळ्या, विणली आहेत. दोरी दोन पदरी, जाळीचं घर दोन बोटांचं, बांबूच्या पट्टीवर मोजून. पण लाळेनं भिजून नाकासमोरच्या गाठी आधी कुजतात. मधली दोरी शाबूत, गाठीतला धागा मात्र काळा पडून चिमटीत तुटतो. गाठीत ओल मुरून राहते, हे उघड आहे.

अंबाडी फुलावर येताच कापलेली. बुडखे जाड, म्हणून सडवायला दोन दिवस आधी तेवढेच पाण्यात, मग आख्खी पेंढी दहा-बारा दिवस. जास्त सडली तर वाख (सालीचा धागा) कमजोर होतो, म्हणून शेवटी रोज एक काडी सोलून पाहिली. दोष तिथं वाटत नाही.

ताग ओलाव्याला जास्त टिकतो, मासे धरायच्या जाळ्यांना तो वापरत. मुसक्याला चालेल, की बैलाच्या नाकाला टोचेल? जाळी खैराच्या कातात रंगवत, तसं इथं केलं तर किलोभर दोरीला कात किती, किती वेळ बुडवायची? बैल मुसकं चाटतो, त्याला अपाय तर नाही ना? भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर जाळी विणणाऱ्यांनी जरूर सांगावं. नायलॉन नको, नाक सोलतं.