सुरी लोहाराच्या मानेवर की त्याच्या पोरीच्या?

मृणाल
भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ वाचत होते, म्हणजे जुन्या आयपीसीतलं ९४. जिवे मारायची धमकी देऊन कोणी तुमच्याकडून गुन्हा करून घेतला तर तो गुन्हा धरत नाहीत, पण धमकी 'आत्ता इथेच मरशील' अशीच हवी आणि खून वगळलाय, शिवाय राज्याविरुद्धचे फाशीपात्र गुन्हे पण. खाली एका लोहाराचं उदाहरण आहे. दरोडेखोर त्याला धरून नेतात, अवजारं घ्यायला लावतात, घराचं दार फोडायला लावतात. तो सुटतो. इथवर मला पटतं. पण कलम म्हणतं, मरण 'त्या व्यक्तीलाच' येणार असेल तरच! म्हणजे त्याच दरोडेखोरांनी सुरी लोहाराच्या मानेवरून काढून त्याच्या पोरीच्या मानेवर ठेवली की कलमाच्या शब्दांप्रमाणे बचाव संपला. अहो, स्वतःच्या जिवावर उदार होणारी माणसं असतात, लेकराच्या जिवावर कोण होतं? इंग्लंड-जर्मनीत जवळच्या माणसाला धोका असला तरी हा बचाव मिळतो. आपण १८६० चं वाक्य २०२३ मध्ये तसंच उतरवून घेतलं, याचा मला खरंच राग येतो.

अद्वैत
असहमत. ज्याचं दार फुटलं, ज्याचं घर लुटलं त्याचा विचार कोणी करायचा? धमकी कोणाला होती, किती खरी होती हे नंतर फक्त आरोपी सांगणार. आणि टोळीवाल्यांना कळलं की घाबरवलेला माणूस सुटतो, की ते दर वेळी असाच माणूस पुढे करतील आणि स्वतः मागे राहतील. पोरीचा मुद्दा शिक्षा ठरवताना बघावा, कोर्ट कमी करू शकतं.

वकील_तात्या
अद्वैत, "फक्त आरोपी सांगणार" हे अर्धंच झालं. अपवादाचा फायदा हवा तर सिद्ध करायचा बोजा आरोपीवरच असतो, नुसतं "मी घाबरलो होतो" म्हणून कोणी सुटत नाही. आणि आपणहून टोळीत गेलेल्याला, किंवा मार खायच्या भीतीने गेलेल्याला सुद्धा, हे कलम आधीच बाहेर ठेवतं. तुम्ही म्हणता ती पळवाट बुजवलेलीच आहे.

मृणाल
तात्या +१. 'आत्ता इथेच' वर पण बोला ना. इंग्लंडमध्ये १९७१ ची हडसन आणि टेलरची केस आहे, दोन तरुण मुली, एक १७ ची एक १९ ची, साक्षीदार होत्या. खरं सांगितलंत तर कापून काढू अशी धमकी मिळालेली आणि कोर्टात उभ्या राहिल्यावर बघतात तर धमकी देणाऱ्यांपैकी एक जण वर गॅलरीत बसलाय. खोटं बोलल्या. अपील कोर्टाने दोघींना खोट्या साक्षीसाठी दोषी ठरवणारा निकाल रद्द केला, कारण रात्री रस्त्यात गाठणार असेल तर ती धमकी दुपारी कोर्टात पण खरीच असते. आपल्या 'तत्काळ मृत्यू'त या मुली बसतील?

अद्वैत
त्याच इंग्लंडने २००५ ला हसनच्या केसमध्ये हे परत आवळलं, ते पण सांगा. आणि खुनाला तिथेही माफी नाही, १९८७ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, हाउच्या केसमध्ये स्पष्ट केलं. मला तेच बरोबर वाटतं. माझा जीव वाचावा म्हणून ज्याने माझं काही वाकडं केलं नाही त्याचा घ्यायचा, हे मला कोणी कितीही समजावलं तरी पटणार नाही.

सायली
एर्देमोविचचं काय मग? १६ जुलै १९९५, बोस्नियाच्या युद्धात सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा शहर घेतल्यानंतर ब्रान्येवोच्या शेतावर पकडलेली मुस्लिम माणसं बसमधून आणत होते, गोळ्या घालायला. हा २३ वर्षांचा सैनिक नाही म्हणाला, तर त्याला सांगितलं की बंदूक दुसऱ्याकडे दे आणि जा त्यांच्या रांगेत उभा राहा. त्याने गोळ्या घातल्या, त्याच्याच अंदाजाने सत्तरेक माणसं. नंतर स्वतःहून कबूल केलं. हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायालयात अपिलावर १९९७ ला ३ विरुद्ध २ ने ठरलं की धमकी हा पूर्ण बचाव नाही, पण शिक्षा कमी करायला धरता येईल. शेवटी ५ वर्षं. तो रांगेत उभा राहिला असता तर त्यातला एकही वाचला नसता, फक्त एक प्रेत वाढलं असतं. मग कायदा त्याच्याकडून नक्की काय मागत होता?

अद्वैत
हे सोपं नाही, मान्य. पण शेतावरच्या त्या माणसांच्या आया-बायकांना "त्याचा काही गुन्हाच नाही" हे मी सांगू शकत नाही. पाच वर्षं म्हणजे कायद्याने त्याची भीती पण मोजली आणि त्यांची माणसं पण.

मृणाल
खुनावर मी अद्वैतशी भांडणार नाही, सायलीचं वाचून सुद्धा माझं ठरत नाहीये. पण लोहाराने माणूस मारला नाही हो, दार फोडलं. नवीन दार बसवता येतं. कलमात 'त्या व्यक्तीला' च्या पुढे 'किंवा तिच्या जवळच्या व्यक्तीला' एवढे चार शब्द घाला, खून वगळलेलाच राहू द्या. यात अद्वैत, तुमचं नेमकं काय जातं ते सांगा.

अद्वैत
जवळची म्हणजे कोण हे आधी लिहा, मग सांगतो. मित्र? शेजारी?

मृणाल
मुलं, आईवडील, नवरा-बायको. इथून सुरुवात करू.