दोन खोल्या, तीन समुपदेशक, एक रिसेप्शन: क्लायंटची माहिती कुठून गळते?

दादर_तळमजला विचारतात:

दादर पश्चिमेला एका सोसायटीत तळमजल्यावर वन बीएचके आहे. हॉलला पार्टिशन घालून एक खोली, बेडरूम दुसरी. तिघं समुपदेशक आळीपाळीने बसतात, रिसेप्शनिस्ट एकच. तिघांपैकी एक आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोघी एम.ए. समुपदेशन. आठवड्याला साधारण ४० सेशन्स होतात. अपॉइंटमेंट रिसेप्शनच्या फोनवर व्हॉट्सॲपने, यादी गूगल शीटमध्ये, केस फाईली कपाटात.

अडलेले मुद्दे असे. नवरा, आई-वडील फोन करून 'येते का, काय म्हणते' विचारतात, तेव्हा रिसेप्शनने काय बोलायचं? कौटुंबिक न्यायालयातून किंवा पोलिसांकडून फाईल मागितली तर? व्हॉट्सॲप ठेवायचं की बंद करायचं? आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं, त्याचं काय? 'गोपनीयता पाळा' हे पाठ आहे, उद्यापासून नेमकं काय बदलायचं ते हवंय.

कपाटाची_चावी यांचं उत्तर:

रिसेप्शनपासून सुरुवात करा. माहिती फाईलमधून कमी आणि तोंडातून जास्त जाते.

फोनवर बोलायचं वाक्य एकच ठरवा आणि डेस्कच्या आतल्या बाजूला चिकटवा: 'आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही.' हे वाक्य सगळ्यांना, दर वेळी. न येणाऱ्याबद्दल 'नाही हो, या नावाचं कुणी नाही' असं एकदा जरी म्हटलं, तरी पुढच्या वेळी 'सांगता येणार नाही' याचा अर्थ 'येते' असाच होतो. निरोप घेतला तरी तो पोचवू असं कबूल करायचं नाही. कुरिअरवाला, बँकवाला, 'मी तिचा भाऊच बोलतोय' म्हणणारा, सगळ्यांना तेच.

वेटिंगमध्ये आडनावासकट हाक नको. 'साडेपाच' म्हटलं की ज्याचं साडेपाचला आहे तो उठतो. टेबलावर सही करायची वही असेल तर आजच उचला. दुसऱ्या ओळीवर सही करणारा पहिली ओळ वाचतोच. दोन खोल्यांच्या वेळा अर्ध्या तासाने सरकवा: एक ५ ते ५:५०, दुसरी ५:३० ते ६:२०. निघणारा आणि येणारा दारात समोरासमोर येत नाहीत. मुंबईत एकाच कॉलेजचे, एकाच ऑफिसचे दोघं एकाच ठिकाणी येणं मुळीच दुर्मीळ नाही.

फाईलवर नाव नको, क्रमांक टाका. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या कुलपात, तिची चावी रिसेप्शनकडे नाही. आद्याक्षरं आणि 'लोअर परळ' असलं सांकेतिक नाव म्हणजे काहीच लपवलेलं नाही.

संमतीपत्रात एक रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, तो घाला: 'कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन चालेल, आणि दुसऱ्याने उचलला तर कुठून बोलतोय म्हणून सांगायचं?' तसंच तातडीचा संपर्क कोण, आणि त्याला किती सांगायचं, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. प्रसंग आल्यावर विचारायला वेळ नसतो.

फोर्टचा_वकील यांचं उत्तर:

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सेवा देणाऱ्या सगळ्या आरोग्य व्यावसायिकांवर गोपनीयतेचं बंधन आहे. अपवाद मोजके: नामनिर्देशित प्रतिनिधीला (क्लायंटच्या वतीने बघायला नेमलेली व्यक्ती) त्याचं काम करता यावं इतकं, उपचार करणाऱ्या इतर व्यावसायिकांना, दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायला, जिवाला धोका टाळायला, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय किंवा सक्षम वैधानिक प्राधिकरणाच्या आदेशाने, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी. धोक्याच्या अपवादात कायदा 'आवश्यक तेवढीच माहिती' म्हणतो. म्हणजे 'आज रात्री त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या बाजूला ठेवा' हे सांगायचं. लग्नाबद्दल ती काय बोलली हे नाही.

नवऱ्याच्या फोनबाबत एक बारकावा. कलम १४ प्रमाणे कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकते. नेमलाच नसेल, तर कायद्याने मानलेल्या क्रमात नातेवाईक येतो. त्यामुळे 'नातेवाईकाला कधीच काही नाही' हेही बरोबर नाही आणि 'नातेवाईक आहे म्हणजे सगळं' हे तर नाहीच. उपाय सोपा: ज्यांना घरच्यांची भीती आहे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा, प्रतिनिधी तुम्ही स्वतः नेमा, मैत्रीण चालेल. फी कोण भरतं याचा इथे संबंध नाही.

फाईल मागणाऱ्यांचे तीन प्रकार. समोरच्या पक्षाच्या वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नव्हे; क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय काही देऊ नका. पोलीस तोंडी मागत असतील तर लेखी मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. अधिकाऱ्याचं नाव, ठाणं, तारीख टिपून ठेवा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कागद हलवू नका. कोर्टाचं समन्स मात्र दुर्लक्षित करायचं नाही. आपल्याकडे वकील-अशील किंवा नवरा-बायको यांच्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे, तसं समुपदेशकाच्या बोलण्याला नाही. हजर राहा, संपूर्ण फाईल कशाला हवी हे कोर्टाला विचारा, मूळ प्रत स्वतःकडे ठेवून साक्षांकित प्रत सीलबंद पाकिटात द्या.

पॉक्सोचं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२) कलम १९ वेगळं. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सतरा वर्षांच्या मुलीचं 'प्रेमप्रकरण'ही यात येऊ शकतं. हे तिने बोलण्याआधी, पहिल्या दहा मिनिटांत सांगा. बोलून झाल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

एम.ए. समुपदेशकांसाठी: २०१७ च्या कायद्यातल्या 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत तुम्ही आपोआप बसत नाही, म्हणून तुमचं बरंचसं बंधन आणि संरक्षण संमतीपत्रातून उभं राहतं. ते दोन पानी, मराठीत आणि सहीसकट करा.

सर्व्हरवाला_ठाणे यांचं उत्तर:

व्हॉट्सॲप बंद करा म्हणून कुणी ऐकणार नाही, तेव्हा निदान हे करा. वेगळं सिम, वेगळा फोन. बिझनेस प्रोफाईलचं नाव आणि फोटो तटस्थ ठेवा. तुमच्या मेसेजबरोबर ते क्लायंटच्या लॉक स्क्रीनवर, डबा भरणाऱ्या सासूबाईंसमोर उमटतं. मेसेज इतकाच: 'उद्या ५:३० कायम?' 'सेशन', 'थेरपी', डॉक्टरचं नाव नाही.

नंबर सेव्ह करताना 'राहुल पॅनिक' असं काही टाकू नका, ते गूगल काँटॅक्ट्समधून दुसऱ्या फोनवरही जातं. फाईल क्रमांक टाका. कॉलर आयडीवाल्या ॲप्सना काँटॅक्ट्सची परवानगी नको. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. लिंक्ड डिव्हायसेस महिन्यातून एकदा बघा. फॉर्मचे फोटो काढत असाल तर ते गॅलरीतून क्लाऊडवर जातात, आणि ही गोष्ट सगळे विसरतात.

गूगल शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' असेल तर आत्ता बदला. शीटमधून नावं पुसली तरी व्हर्जन हिस्टरीत राहतात. म्हणून जुनी शीट साफ करत बसू नका, क्रमांकांची नवी बनवा आणि जुनी काढून टाका. रिसेप्शनिस्ट सोडून गेली की त्याच दिवशी प्रवेश बंद, सगळीकडून लॉगआउट.

कायद्याच्या बाजूने एक पुरवणी: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डिजिटल माहितीलाच लागू आहे. तुमचं कागदी कपाट त्याबाहेर, पण स्कॅन केलं की आत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. सगळं स्कॅन करायची घाई असेल तर हे आधी लक्षात घ्या.

खुर्ची_आणि_खिडकी यांचं उत्तर:

आवाजाचं कुणी घेतलं नाही, मी घेते. पार्टिशन प्लायचं असेल तर एक स्टूल घ्या आणि फॉल्स सीलिंगची एक फळी उचलून बघा. बऱ्याच ठिकाणी पार्टिशन फळीपर्यंतच असतं, स्लॅबपर्यंत नाही. आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे जातो. तेवढा भाग रॉकवूल आणि जिप्समने बंद करा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. व्हाईट नॉईजचं यंत्र किंवा जुना टेबल फॅन वेटिंगच्या बाजूला लावा, आत नव्हे. आत लावलं की लोक अजून मोठ्याने बोलतात. तपासणी: आत एकाने नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचं, दुसऱ्याने वेटिंगच्या खुर्चीत बसायचं. शब्द कळला तर अजून काम आहे.

नोंदींबद्दल मात्र अनेक जण देतात तो 'कमीत कमी लिहा' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. जोखमीची नोंद (आत्महत्येचा विचार विचारला का, योजना होती का, काय ठरलं) पूर्णच हवी, ती तुम्हालाही वाचवते. कापायचं ते इतरांचं: नणंदेचं नाव, बॉसची कंपनी, शेजाऱ्याचं प्रकरण. 'नणंद' पुरे. अमेरिकेत थेरपिस्टच्या खासगी टिपणांना वेगळं संरक्षण आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे 'वेगळी डायरी ठेवतो' म्हणून निर्धास्त होऊ नका, तीही मागवता येते.

आणि सुपरव्हिजनच्या (केसवर वरिष्ठांचं मार्गदर्शन घेण्याच्या) व्हॉट्सॲप गटात केस टाकणं थांबवा. नाव नसलं तरी कॉलेज, स्टेशन आणि वडिलांचा धंदा, एवढ्यावर या शहरात माणूस ओळखता येतो.

दादर_तळमजला:

वर बघितलं, पोकळीच आहे. गेटची वही, बिलं आणि जुन्या कागदांचं काय?

कपाटाची_चावी:

सेक्रेटरींना लेखी पत्र द्या: तुमच्या फ्लॅटच्या पाहुण्यांसाठी फक्त फ्लॅट नंबर आणि वेळ, कारण 'भेट'. गेटवर ॲप असेल तर पाहुण्यांची नोंद कोणाकोणाला दिसते ते विचारा.

बिलावर 'व्यावसायिक सल्ला', निदान नाही. विम्याला निदान लागलंच तर वेगळं प्रमाणपत्र थेट क्लायंटच्या हातात, त्यांच्या एचआरकडे नाही. आयसीडी-१० चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचा) 'एफ'ने सुरू होणारा, म्हणजे मानसिक आजाराचा, कोड म्हणजे लपवलेलं नाव नव्हे, जाणकाराला ते अक्षरच पुरतं. यूपीआयने पैसे आले की क्लायंटच्या संयुक्त खात्याच्या स्टेटमेंटवर तुमच्या फर्मचं नाव येतं. नाव 'मनोविकार'ने सुरू होत असेल तर रोख घ्यायची सोय ठेवा.

जुने कागद रद्दीवाल्याला अजिबात नाहीत, अपॉइंटमेंटची डायरीसुद्धा नाही. पट्ट्या कापणारं श्रेडर नको, त्या पट्ट्या जोडता येतात. क्रॉस-कट (बारीक तुकडे करणारं), पी-४ सुरक्षा दर्जाचं घ्या. फाईल किती वर्षं ठेवायची तो आकडा संमतीपत्रात आधीच लिहा आणि मोजणी शेवटच्या भेटीपासून करा, अल्पवयीन असेल तर सज्ञान झाल्यापासून.