क्रोशाच्या विणकामावर संसाराला हातभार लावता येईल का? नोकरी सोडण्यापूर्वी सल्ला हवा आहे

प्रश्न – सुईदोरा, फोंडा

नमस्कार. मी गेली 11 वर्षे एका खासगी आस्थापनात हिशेब ठेवण्याचे काम करते. क्रोशाची सुई मात्र त्याहून जुनी आहे. आजीने ती माझ्या हाती दिली तेव्हा मी चौथीत होते, आणि एक खांब (क्रोशाचा उभा टाका) चुकला तरी ती सबंध ओळ उसवायला लावायची. इतकी वर्षे मी रुमाल, चौरंगावरची आसने, बाळाची टोपडी असे घरच्यांपुरते करत आले.

गेल्या वर्षी चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, मात्र दारावरच्या तोरणांच्या 14 मागण्या आल्या. जवळजवळ 60 रात्री, जेवणे आटोपल्यावर रोज चार तास बसून मी त्या पूर्ण केल्या. आदल्या रात्री माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान ओसरीवर पसरलेले होते आणि मी एका कोपऱ्यात शेवटच्या तोरणाची लोंबती फुले बांधत होते. प्रत्येक तोरणाचे 900 रुपये घेतले, त्यात दोरा आणि मणी यांचा खर्च 220 रुपये. हाती 12,600 रुपये आले तेव्हा मनात आले, की दिवसभराचा वेळ मिळाला तर हेच काम किती वाढवता येईल!

माझ्या पगारातून मुलाचे शिक्षण आणि कर्जाचा हप्ता भागतो, त्यामुळे महिन्याला खर्च वजा जाता 18,000 रुपये हाती येणे आवश्यक आहे. मार्च महिन्यात नोकरी सोडण्याचा विचार आहे. या कामावर जगणाऱ्या कोणी स्वतःचा अनुभव सांगितल्यास उपकार होतील. नात्यातली माणसे ‘तुझा तर छंदच आहे’ म्हणून फुकट मागतात, त्यांना काय सांगावे हेही मला उमगत नाही.

उत्तर – जाळीकाम, म्हापसा

ताई, मी नऊ वर्षे या कामावर घर चालवते आहे, म्हणून आपल्याच आकड्यांवरून बोलते. 60 रात्री आणि रोज चार तास म्हणजे 240 तास होतात, आणि त्यांना 14 तोरणांनी भागल्यास एका तोरणाला सुमारे 17 तास पडतात. 900 रुपयांतून 220 वजा केल्यावर 680 उरतात, म्हणजे आपल्या तासाची किंमत 40 रुपये झाली. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाही रडू आले होते, पण तो मांडल्यावाचून नोकरीचा राजीनामा लिहू नका.

आता उलट बाजूने पाहा. दिवसाचे सहा तास, महिन्याचे 24 दिवस धरले तर 144 तास मिळतात, परंतु त्यातले प्रत्यक्ष सुई हातात असण्याचे तास माझ्या अनुभवाने 90 च्या वर जात नाहीत. उरलेला वेळ दोरा आणणे, छायाचित्रे काढणे, गिऱ्हाइकांचे निरोप पाहणे, पार्सल बांधणे आणि पोस्टात जाणे यांत संपतो. 18,000 भागिले 90 म्हणजे तासाला 200 रुपये. या दराने आपले तोरण 3,620 रुपयांना पडते. ते त्या किमतीला घेणारे लोक गोव्यात आहेत, पण ते महिन्याला दहा भेटत नाहीत.

मी ज्यावर तगून आहे त्या वस्तू लहान आहेत. साडीवर लावायचे क्रोशाचे फूल मला 25 मिनिटांत होते आणि त्याला 12 रुपयांचा दोरा लागतो. दुकानात ते 150 रुपयांना विकले जाते आणि दुकानदार 30 टक्के ठेवून मला 105 रुपये देतो, म्हणजे तासाला 223 रुपये पडतात. मोठे तोरण मी वर्षातून चार-पाचच करते आणि त्याचे छायाचित्र सर्वांत पुढे ठेवते, कारण ते पाहून लोक थांबतात आणि फूल घेऊन जातात. याशिवाय माझ्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शिकवण्यातून येतो. साखळी, मुका खांब, खांब एवढे सुरुवातीचे टाके चार रविवारांत शिकवायचे आणि पाचव्या रविवारी प्रत्येकीने स्वतःचा रुमाल घरी न्यायचा, असा माझा वर्ग असतो.

स्वस्तात क्रोशा मिळतो असे गिऱ्हाईक म्हणाले तर त्यांना शांतपणे समजावून सांगा, की बाजारात यंत्रावर निघते ती जाळी किंवा विणलेली नक्कल असते. खरा क्रोशा प्रत्येक टाक्याला हातानेच घालावा लागतो, म्हणून तो कवडीमोलाने मिळत असेल तर कोणाची तरी मजुरी बुडालेली असते. गोव्यात ही कला पोर्तुगीज काळापासून घरोघरी रुजल्यामुळे प्रत्येकाच्या मावशीला ती येते, आणि म्हणूनच इथे तिचे मोल सांगताना जीभ अडखळते. नात्यातल्या माणसांसाठी मी एक रीत ठेवली आहे: लग्न आणि बारसे या दोन प्रसंगी वस्तू भेट म्हणून द्यायची, एरवी दर सर्वांना सारखाच. पहिल्या वर्षी दोन घरे रुसली, पण पुढे त्यांनीच मागण्या आणल्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर त्याच दिवशी थांबा. मी एका डिसेंबरात दुखणे अंगावर काढले आणि पुढचे सात आठवडे मला सुई धरता आली नाही.

उत्तर – करवंटीकाम, डिचोली

ताई, मी नारळाच्या करवंटीच्या वस्तू करतो, त्यामुळे दोऱ्याविषयी मला फार कळत नाही, पण हंगामाविषयी सांगू शकतो. पर्यटकांचा माल ऑक्टोबर ते मे या काळातच जातो. हणजूणचा बुधवारचा बाजार पावसाळ्यात बंद पडतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वर्षभर भरतो, परंतु तिथे येणारा माणूस मासळी, भाजी आणि मसाला यांसाठी येतो. जुन्या गोव्याचे 3 डिसेंबरचे फेस्त (चर्चचा उत्सव) आणि म्हापशातली बोडगेश्वराची जत्रा यांत मी मांडणी लावतो, पण तिथे 200 रुपयांच्या वरची वस्तू फारशी उचलली जात नाही. पणजीच्या लोकोत्सवात मात्र लोक हस्तकलाच पाहायला येत असल्यामुळे वस्तू कशी केली ते विचारतात, आणि विचारणारा माणूस बहुधा घेऊन जातो.

दुकानात माल ठेवताना किती नग, कोणता दर आणि पैसे किती दिवसांत, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. एका दुकानाने माझे पैसे आठ महिने अडकवले होते, आणि लेखी काही नसल्याने मला केवळ हेलपाटे घालावे लागले.

जून ते सप्टेंबर हे चार महिने तयार माल सांभाळणे हेही कामच समजा. आमच्या घरी आईचे क्रोशाचे रुमाल होते. खळ घालून ठेवलेले सगळे रुमाल बुरशीने डागाळले आणि त्यांना कसर लागली, तर न खळवलेले, सुती कापडात गुंडाळलेले टिकले. खळ वस्तू गिऱ्हाइकाला देण्याच्या वेळीच घालावी.

उत्तर – नोंदवही, मडगाव

मी करविषयक कामे करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असल्यास गोव्यात वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते, आणि सरकारी प्रदर्शनांत गाळा मागताना ते उपयोगी पडते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, पण त्या यादीत क्रोशाचा उल्लेख नाही, म्हणून तिच्या कर्जावर विसंबून बेत आखू नका.

पुन्हा सुईदोरा, फोंडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. दुसऱ्यांचे हिशेब 11 वर्षे लिहिणाऱ्या मी स्वतःच्या तासांचा हिशेब कधी मांडला नव्हता, याची खंत वाटली. गेले तीन आठवडे सुई हाती घेताना आणि ठेवताना वहीत वेळ लिहिते आहे. फुलाला मला अजून 38 मिनिटे लागतात, तेव्हा 25 पर्यंत यायला सराव हवा.

मार्चमध्ये नोकरी सोडणार नाही. आठवड्यातून तीनच दिवस येण्याची परवानगी मागितली आहे आणि मालकांनी पावसाळ्यापासून ती देण्याचे कबूल केले आहे. परवा शेजारच्या काकींनी तोरण मागितले तेव्हा धीर एकवटून 3,600 रुपये सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग लोंबत्या फुलांशिवाय नुसती वरची पट्टी कितीला पडेल असे त्यांनी विचारले. आठ तासांचे काम आणि दोरा धरून 1,750 रुपये ठरले, 500 रुपये त्यांनी लगेच हातावर ठेवले, आणि पहिली साखळी मी काल रात्री घातली.