सोयाबीनपूर्वी ताग की धैंचा? आच्छादन ठेवल्यास चक्रीभुंगा आणि गोगलगायींचे काय?

प्रश्न: काळी_रान (औसा, जि. लातूर)
नमस्कार. माझी जमीन भारी काळी असून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हाच क्रम अनेक वर्षे चालू आहे. उन्हाळ्यात रान उघडे राहते, पहिल्या मोठ्या पावसात उताराकडची माती वाहून जाते आणि चक्रीभुंगा (सोयाबीनचे खोड पोखरणारी कीड) तर दरवर्षी असतोच. विहिरीला मेअखेरपर्यंत दोन एकरांपुरते पाणी असते. तेवढ्यात एप्रिलच्या मध्याला ताग किंवा धैंचा यांपैकी एखादे हिरवळीच्या खताचे पीक पेरून, तो कापून जागेवरच पसरावा आणि त्यातच सोयाबीन टोकावे, असा विचार आहे. मात्र २०२२ मध्ये शंखी गोगलगायींनी आमच्याकडचे उगवते सोयाबीन फस्त केले होते. आच्छादनाखाली त्यांना आयता आसरा मिळेल का?

प्रतिसाद १: मृदगंध (परभणी)
ताग निवडावा. तो ४५ ते ५० दिवसांत फुलावर येतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात कापता येईल आणि ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन पेरणीयोग्य ओल येईपर्यंत तो सुकलेला असेल. उशीर केल्यास खोड ताठर होते आणि टोकणीला अडथळा येतो.

चक्रीभुंग्यासाठी मात्र सोयाबीनपूर्वी घेतलेल्या ताग-धैंच्याचा उपयोग नाही. त्याची पूर्ण वाढलेली अळी सोयाबीनच्याच खोडाच्या तुकड्यात सुप्तावस्थेत उन्हाळा काढते आणि भुंगा पावसाळा सुरू झाल्यावर बाहेर पडतो. एप्रिल-मे महिन्यांतला धैंचा त्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. धैंच्याची खरी जागा सोयाबीनसोबत, कडेच्या ओळींत, सापळा पीक (कीड स्वतःकडे ओढून घेणारे पीक) म्हणून आहे. मादी देठावर किंवा फांदीवर दोन समांतर चकत्या पाडून त्यांच्या मध्ये अंडे घालते आणि वरचा भाग सुकून लोंबू लागतो. असा भाग खालच्या चकतीच्याही खालून तोडून नष्ट करावा. हे काम आठवड्याला झाले नाही, तर सापळ्याचेच किडीचे कोठार होते.

गोगलगायींबाबत आपली शंका रास्त आहे. ज्या शिवारात त्यांचा उपद्रव झाला आहे तेथे मी ताग पसरण्याऐवजी गाडण्याचाच सल्ला देईन.

प्रतिसाद २: दूरचा_शेजारी (पेनसिल्व्हेनिया)
इकडे मक्यानंतर राय (गव्हासारखे एक तृणधान्य) पेरून वसंतात ती मारतात आणि त्या काडात सोयाबीन पेरतात. तणे दबतात, माती धरली जाते. पण बिनकवचाच्या गोगलगायी ही या पद्धतीची जुनीच डोकेदुखी आहे. येथील विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात असे आढळले की थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेल्या सोयाबीनवर जगणाऱ्या गोगलगायींना काही झाले नाही, परंतु त्यांना खाणाऱ्या जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांपैकी बरेच विषबाधेने लुळे पडले किंवा मेले आणि पीक विरळ झाले. आपल्याकडे हीच बीजप्रक्रिया खोडमाशी या किडीसाठी करतात, त्यामुळे ती सरसकट सोडा असे मी म्हणणार नाही. शिवाय शंखी गोगलगाय आकाराने कितीतरी मोठी. हे भुंगेरे तिला आवरतील असे गृहीत धरू नये. तरीही सगळा ताग गाडला, तर उताराची माती पहिल्या पावसाला पुन्हा उघडी पडेल, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्ता: काळी_रान
दोघांचेही आभार. मग उताराकडच्या एकरात आच्छादन ठेवतो आणि बांधालगतच्या एकरात ताग गाडतो. आच्छादनाच्या एकरात राखण कशी करावी?

प्रतिसाद ३: मृदगंध (परभणी)
बांधाच्या बाजूने काही मीटरचा पट्टा आच्छादनाविना मोकळा ठेवावा. त्यात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी अंथरावीत आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. बियाणे उगवल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे हे काम चुकवू नये. अंडी मातीत असतात, म्हणून पाऊस उघडल्यावरही पाहणी करावी. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या वापरल्याच, तर त्या दिवसांत कुत्री, जनावरे आणि कोंबड्या त्या बाजूला फिरकू देऊ नयेत.