मणक्यात पू असल्याची शंका: एमआरआय आधी की क्षयाची औषधे आधी?

प्रश्न – मुलगी, सातारा
माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात मांडीवर झालेले गळू फुटून बरे झाले, पण त्यानंतर पाठीच्या मधोमध सुरू झालेला ठणका त्यांना रात्रभर झोपू देत नाही. मणक्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली तरी ते कळवळतात. संध्याकाळी कणकण येते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, मात्र ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) ९०च्या वर आहे. एका डॉक्टरांनी मणक्याचा क्षय गृहीत धरून औषधे सुरू करण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी आधी एमआरआय सुचवला. ताप फारसा नाही आणि पायही चालतात, मग एमआरआयची खरोखरच घाई आहे का?

उत्तर – मणक्याच्या शस्त्रक्रिया विभागातील डॉक्टर
घाई आहे, आणि पाय चालत आहेत म्हणूनच आहे. पाठदुखी, ताप आणि पायांतील अशक्तपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात. हाड आणि मज्जारज्जूचे आवरण यांच्यामध्ये पू साठला की आधी पाठ दुखते, मग छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी किंवा पायात उतरणारी कळ येते, पुढे पायांतील जोर कमी होऊन लघवी तुंबते आणि शेवटी पाय लुळे पडतात. हे टप्पे ह्यूसनर या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडले. मात्र एका टप्प्यातून दुसऱ्यात जायला कधी अनेक दिवस लागतात, तर कधी अवघे काही तास, कारण पुवाचा दाब पडतोच, शिवाय रज्जूचा रक्तपुरवठाही बिघडतो. पाय पूर्ण लुळे पडून २४ ते ३६ तास उलटले, तर ते परत येण्याची आशा फार थोडी उरते.

एक्स-रेमध्ये हा पू दिसत नाही. आजच गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देण्याचे द्रव्य) देऊन एमआरआय करावा, तोही संपूर्ण मणक्याचा, कारण पू एकाहून अधिक ठिकाणी असू शकतो. मधुमेह असल्यामुळे त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) पाहून घ्यावे.

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका
गळवाचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. अशा पुवात सर्वाधिक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू सापडतो आणि तो त्वचेवरून रक्तात, रक्तातून मणक्यात पोहोचतो. क्षय आपल्याकडे इतका आढळतो की त्याची शंका रास्तच आहे, परंतु खात्री न करता ती औषधे देणे मला मान्य नाही. त्यांतील रिफॅम्पिसिन स्टॅफवरही चालते, बाकीची औषधे त्याच्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. परिणामी ताप तात्पुरता उतरतो, कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडेनासे होतात आणि एकट्या रिफॅम्पिसिनला जंतू लवकर दाद देईनासा होतो.

अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचे कल्चर वेगवेगळ्या जागांहून किमान दोनदा घ्यावे. पू किंवा हाडाचा तुकडा मिळाला की तो ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), साधे कल्चर, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि क्षयाचे कल्चर अशा सर्व तपासण्यांसाठी पाठवावा. गुरांशी संबंध असेल किंवा कच्चे दूध पिण्यात असेल, तर ब्रुसेला हा जनावरांपासून येणारा जंतूही तपासावा. क्षयात दोन मणक्यांमधील चकती बराच काळ शाबूत राहते आणि पू पैदा करणाऱ्या जंतूंच्या संसर्गात ती लवकर झिजते, असे चित्र एमआरआयमध्ये बहुधा दिसते, पण तेवढ्यावर उपचार ठरवू नयेत. पायांत अशक्तपणा आला किंवा रक्तदाब घसरला, तर मात्र कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक द्यावे, अहवालासाठी थांबू नये.

उत्तर – रुग्णाचे नातेवाईक
माझ्या आईला हाच आजार झाला होता. एमआरआय होईपर्यंत वडिलांना दर काही तासांनी पायाचा अंगठा वर उचलायला सांगा, बसण्याच्या जागी बधिरपणा आहे का ते विचारा आणि लघवी नेहमीसारखी होते ना, याकडे लक्ष ठेवा. यात थोडाही फरक पडला, तर मध्यरात्र असली तरी निघा.

प्रश्नकर्ती
एमआरआय झाला. छातीच्या भागातील मणक्यामागे पू आहे आणि रक्ताची कल्चर पाठवली आहेत. केवळ औषधांवर भागेल का?

उत्तर – मणक्याच्या शस्त्रक्रिया विभागातील डॉक्टर
पायांत जराही अशक्तपणा असेल, तर लॅमिनेक्टमी (मणक्याच्या मागचे हाड काढण्याची शस्त्रक्रिया) करून पू काढणे हाच मार्ग. तो नसेल, कल्चरमध्ये जंतू सापडला असेल आणि दिवसातून अनेकदा पाय तपासून गरज पडताच शस्त्रक्रिया करू शकेल असा चमू त्याच इमारतीत असेल, तरच केवळ औषधांचा विचार करता येतो. अहवाल येईपर्यंत सहसा व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्ट्रायाक्झोन देतात. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा स्टॅफ निघाला, तर सेफाझोलिनवर येतात. रक्तात स्टॅफ सापडल्यास हृदयाच्या झडपांसाठी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. हाडात संसर्ग असेल, तर औषधे किमान सहा आठवडे चालतात आणि या काळात साखर काबूत ठेवावीच लागते.