मदत हवी आहे: नदीत सोडायच्या सांडपाण्याचा निकष सैल करायला हरकत कशी लिहू?

काठावरची
शुक्रवारपर्यंत हरकत द्यायची आहे. दहाचा तीस करताहेत. नोटिशीत कारण एवढंच दिलंय की नदी आधीच प्रदूषित असल्याने कडक निकष व्यवहार्य नाही. घाण आहेच, तर अजून थोडी चालेल, असाच त्याचा अर्थ ना? नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहिलं की अर्ज फायलीत पडून राहतो, मागच्या वेळी तेच झालं. मुद्दे काय मांडू? कुणाकडे मसुदा आहे का?

पाटाचं_पाणी
ताई, दहाचा तीस काय? बीओडी म्हणताय का, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात तो आकडा? आणि नोटीस कुणाची आहे, स्थानिक संस्थेची की राजपत्रातली? नीट सांगा, मग बोलता येईल.

हिरवळ७१
आमच्याकडे जिवाणू कल्चर सोडलं होतं, पंधरा दिवसांत वास गेला. निकषांच्या मागे लागण्यापेक्षा ते करून बघा. जलपर्णीही काढून टाका.

काठावरची
हो, बीओडीच. मैलाशुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडायच्या पाण्याचा, मिलिग्रॅम प्रति लिटर. नोटीस स्थानिक संस्थेची, नव्या केंद्रासाठी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कल्चरचा विषय इथे नाही हो.

निवृत्त_केमिस्ट
मग हे वापरा. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात बीओडी १० होता. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत तो महानगरांना २० आणि बाकीच्यांना ३० केला. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ ला तज्ज्ञ समितीचे कडक निकष उचलून धरले: बीओडी १०, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) ५०, निलंबित घन पदार्थ २०. म्हणजे तुमच्या नोटिशीतला ३० हा २०१७ चाच आहे. आणि पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्र सरकारपेक्षा कडक निकष लावू शकतं. तेव्हा 'आम्हाला १० लावताच येत नाही' हे म्हणणं टिकत नाही.

ब्लोअरवाला
मी अशाच केंद्रावर शिफ्ट करतो. दहा कागदावर छान दिसतो. इथे वीज गेली की ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद, टाकीतला गाळ तसाच पाण्याबरोबर वाहून जातो. तीसच मिळत नाही, दहा कुठून मिळणार? आधी पूर्ण मैलापाणी केंद्रापर्यंत आणा, अर्धं तर नाल्यातून थेट नदीत जातं.

निवृत्त_केमिस्ट
भाऊ, तुमची अडचण खरी आहे, पण ती जनरेटर आणि देखभालीची आहे. केंद्र तीससाठी बांधलं की पुढे दहा हवा झाला तर पुन्हा बांधकाम आणि पुन्हा निविदा. क्षमता आत्ताच ठरते.

साधा_माणूस
घरी आरओ बसवा आणि टीडीएस मीटर ठेवा. आमचं पाणी ९० वर आलंय, पोरं एकदम ठणठणीत.

पाटाचं_पाणी
टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो, मैल्याचे जिवाणू नाही. आणि ताईंनी पिण्याच्या पाण्याचं विचारलेलं नाही.
ताई, हरकतीत हा हिशोब घाला. नदीच्या नऊ भाग पाण्याचा बीओडी २ धरा आणि त्यात एक भाग सांडपाणी सोडा. सांडपाणी ३० चं असेल तर (१८ + ३०) भागिले १०, म्हणजे ४.८. सांडपाणी १० चं असेल तर २.८. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. मे महिन्यात नऊ भाग पाणी असतं का तुमच्याकडे?

काठावरची
नऊ कुठले! मेमध्ये घाटाखाली येतं ते सगळं नाल्याचंच पाणी. दगडांवर राखाडी, बुळबुळीत तंतू लटकतात, हात लावला की सुटून येतात. तिथेच म्हशी बसतात आणि पोरं त्यांच्या पाठीवरून उड्या मारतात. कालच बघून आले.

पाटाचं_पाणी
मग तेच पहिल्या पानावर लिहा. नदी आधीच घाण, म्हणजे येणारी घाण पातळ करायला तिच्याकडे चांगलं पाणी नाही, म्हणून निकष कडकच हवा. त्यांचं कारण तुमच्या बाजूचं आहे. फोटो जोडा, तारीख घाला.

हिरवळ७१
निर्माल्य बंद केलं तरी पुष्कळ फरक पडतो, ते कुणी बोलत नाही.

निवृत्त_केमिस्ट
निर्माल्याचा धागा वेगळा काढा, इथे शुक्रवार जवळ आलाय. ताई, तपासणी करून घेणार असाल तर जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उन्हात राहिलेल्या नमुन्याचा अहवाल समोरची बाजू लगेच खोडून काढते. मला एकदा तसा अनुभव आलाय.

काठावरची
नमुना उद्या पहाटे घेते. अहवाल वेळेत नाही आला तर 'मागाहून सादर करू' असं लिहीन. शेवटचं एक, हरकत मराठीतच दिली तर चालेल ना?

ब्लोअरवाला
चालेल, मराठीतच द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊनच निघा. आणि केंद्रावर वीज गेल्यावर पर्यायी सोय काय, हेही त्यात विचारा. आम्ही विचारलं तर कुणी उत्तर देत नाही.