'इद्धि'ला मराठीत काय म्हणावे?

त्रिरश्मी : आमच्या नाशिकच्या विहारातील वाचनासाठी मी दीघनिकाय या पाली ग्रंथातील केवट्टसुत्ताचा, म्हणजे बुद्धांच्या एका प्रवचनाचा, अनुवाद करीत आहे. एखाद्या भिक्खूने लोकांसमोर 'इद्धि' दाखवावी, म्हणजे नालंद्यातील लोकांची श्रद्धा वाढेल, अशी विनंती केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धांना करतो. मी तेथे 'चमत्कार' लिहिले. धम्मात चमत्काराला थारा नाही, असे सांगून एका ज्येष्ठ उपासकांनी तो शब्द खोडला आणि 'मनोबल' सुचविले. भिंतीतून आरपार जाणे, पाण्यावरून चालणे याला मनोबल म्हणता येईल का?

गोदाकाठ : मुळीच नाही. इद्धि म्हणजे संस्कृतातील ऋद्धि, आणि 'ऋद्धी' मराठीत आहेच. तोच शब्द ठेवावा.

देवळालीकर : 'ऋद्धी' म्हटले की मराठी वाचकाला गणपतीशेजारची ऋद्धिसिद्धीची जोडी आठवते. याच जिल्ह्यात, येवल्याला, १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती स्पष्टपणे नाकारले. उपासकांचा आक्षेप त्या निष्ठेतून आलेला आहे. तो हलक्याने घेऊ नये. 'अलौकिक शक्ती' लिहावे.

पालीवाचक : निष्ठेबद्दल आदर आहे, परंतु 'अलौकिक' येथे नेमका उलटा पडतो. थेरवादी (पाली ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या) परंपरेत 'लोकुत्तर', म्हणजे लोकापलीकडचे, ते फक्त मुक्तीकडे नेणारे चार मार्ग, त्यांची चार फळे आणि निब्बाण (निर्वाण). आकाशातून जाणे, दुसऱ्याचे मन जाणणे या गोष्टी तीच परंपरा 'लोकिय', म्हणजे लौकिक, मानते. देवसुद्धा संसाराच्या आतच आहेत, त्यांनाही मरण आहे. याच सुत्तात पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते कोठे पूर्णपणे निरुद्ध होतात हे विचारायला एक भिक्खू ब्रह्मलोकापर्यंत जातो, तेव्हा महाब्रह्मा त्याला बाजूला घेऊन, आपल्यालाही हे ठाऊक नाही, अशी कबुली देतो.

आणि मूळ शब्द सौम्य केला तर बुद्धांचा नकारच निष्प्रभ होतो. इद्धि शक्य नाही, असे ते म्हणत नाहीत. अश्रद्ध माणूस तिला गंधारी विद्या (एक मंत्रविद्या) म्हणेल, म्हणून अशा प्रदर्शनाविषयी 'अट्टीयामि हरायामि जिगुच्छामि', म्हणजे मला त्याचा त्रास, लाज आणि किळस वाटते, असे ते म्हणतात आणि उपदेशाच्या प्रातिहार्याला (चमत्काराला) श्रेष्ठ ठरवितात. विनयातही, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातही, चंदनाच्या पात्रासाठी पिंडोल भारद्वाज या भिक्खूने इद्धि दाखविली म्हणून तिच्या प्रदर्शनावर बंदी आली. जे मनोबल आहे, त्याची लाज कोणाला का वाटावी?

देवळालीकर : प्राचीन ग्रंथात आहे म्हणून आजच्या मुलांच्या हाती ते जसेच्या तसे द्यावे, हे मला मान्य नाही. शब्द निवडणे हीसुद्धा जबाबदारी आहे.

गोदाकाठ : मग वंदनेतील 'रक्खन्तु सब्बदेवता' या ओळीचे काय करायचे? आमच्या घरी ती मोठ्याने म्हटली जाते आणि तिचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात तर व्हरांड्याचा भार खांद्यांवर पेलणारे यक्ष कोरलेले आहेत. यक्षाचा प्राकृतात 'जक्ख' होतो, त्यावरूनच आपली 'जखीण' आली. माझी आजी ज्या जखिणीला भीत असे, तिचेच पूर्वज तेथे विहार तोलून धरीत आहेत.

देवळालीकर : जखिणीची व्युत्पत्ती ठीक आहे, परंतु यक्ष तोलदार आहेत, उपास्य नाहीत. हा फरक तुम्ही पुसत आहात.

पालीवाचक : रतनसुत्त या रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या सुत्ताच्या आरंभी 'भूतां'नाच संबोधून, मनुष्यांवर मैत्री करा, असे सांगितले आहे. तेथे उपासना नाही, पण त्यांचे अस्तित्वही नाकारलेले नाही.

त्रिरश्मी : 'भूत' म्हणजे तेथे पिशाच की केवळ प्राणिमात्र? परित्राण पाठाच्या (रक्षणासाठी म्हणायच्या सुत्तांच्या) आमच्या पुस्तिकेत 'प्राणी' असे छापले आहे.